पत्रातलं 'असो'

एका वाचक मैत्रिणीचं पत्र:

"ताई, माझं वय ४६. एका ऑफिसात हिशेब विभागात आहे. लहानपणापासून कॉलेज संपेपर्यंत सतत चित्रं काढायचे. मग नोकरी, लग्न, मुलगी, सासूबाईंचं आजारपण. हात थांबला तो थांबलाच. बावीस वर्षं झाली. मागच्या वर्षी ठरवून पुन्हा सुरुवात केली. चांगल्यातली रंगपेटी आणली, रविवारच्या क्लासला नाव घातलं. चार रविवार गेले आणि सोडून दिलं. कागद समोर आला की काही सुचत नाही, आणि जे काढते ते बघवत नाही. फोनवर लोकांची चित्रं बघते आणि आणखीनच खट्टू होते. मुलगी विचारते, 'आई, काढलंस का काही?' मी विषय बदलते. ऑफिसचं काम मात्र चोख आहे. वर्षअखेरीला पावत्या लावायची मी रंगीत पट्ट्यांची एक पद्धत काढली, आता सगळा विभाग तीच वापरतो. पण ते काही कलेतलं नव्हे. दुपारी चारच्या सुमारास खिडकीच्या गजांची सावली माझ्या टेबलावर येते आणि उघड्या फायलीवरून अशी सरकते, की कुणीतरी सावकाश रेघा ओढतंय असं वाटतं. असो. प्रश्न असा, की माझ्यातली सर्जनशीलता संपली का? संपली असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मी हा नाद सोडीन."

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दापाशी थांबले. 'असो'.

गजांच्या सावलीबद्दलचं ते वाक्य चित्र काढणाऱ्या माणसाचं आहे. त्या खोलीत तुमच्याबरोबर आणखी माणसं बसत असतील, त्यांच्याही टेबलांवर ऊन येत असेल. त्यांतल्या किती जणांनी ती सावली सरकताना पाहिली असेल? आणि पाहिली, तरी तिला 'रेघा ओढणं' हे क्रियापद किती जणांना सुचलं असतं? तुम्हाला सुचलं. आणि पुढच्याच शब्दात तुम्ही त्यावरून हात झटकलेत. तुम्ही स्पष्ट उत्तर मागितलंय, तर स्पष्ट सांगते: काहीही संपलेलं नाही. ते रोज चार वाजता तुमच्या टेबलाशी येतं आणि तुम्ही त्याला 'असो' म्हणून परत पाठवता.

पुढे जाण्याआधी एक विचारून घेते. हे कोरडेपण फक्त कागदासमोर जाणवतं, की सगळीकडेच? झोप नीट लागते का, जेवावंसं वाटतं का, एरवी ज्यात मन रमायचं त्यात रमतं का? यातलं बरंचसं दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल, तर कागद-पेन्सिल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. नैराश्यात काही सुचत नाही ते आजारामुळे, आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या पत्राच्या सुरावरून मला तसं वाटत नाही, पण विचारल्याशिवाय पुढचं लिहिणं बरोबर झालं नसतं.

'जे काढते ते बघवत नाही' हे मला पूर्ण पटतं. या बावीस वर्षांत तुमचा हात थांबला, डोळा कुठे थांबला? तुम्ही चित्रं पाहत राहिलात, चेहरे पाहत राहिलात, ऊन पाहत राहिलात. डोळा ४६ वर्षांचा झाला आणि हात चोविसाव्या वर्षापाशी उभा आहे. खरं तर थोडा मागेच गेला असेल, कारण हाताची सवय मोडली की तो विसरतो. आता हा जाणता डोळा त्या नवख्या हाताची परीक्षा घेतोय. निकाल काय लागणार? तुम्ही त्या निकालाचा अर्थ 'संपलं' असा लावलात. मी असा लावते, की पारख शाबूत आहे आणि सराव सुटला आहे. सराव परत येतो. पारखच गेली असती, तर या पत्राला काय उत्तर द्यावं हे मला कळलं नसतं.

क्लासमध्ये नेमकं हेच अंतर दर रविवारी इतरांसमोर उघडं पडत होतं. तो सोडलात याचा अपराधीपणा बाळगू नका. पुढे कधी जावंसं वाटलं तर जरूर जा. आत्ता नको.

आणि त्या रंगीत पट्ट्या! 'ते काही कलेतलं नव्हे' असं म्हणून तुम्ही त्यांनाही दाराबाहेर काढलंत. सर्जनशीलतेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ बराच काळ तिचे दोन प्रकार मानत आले: एक थोरामोठ्यांची निर्मिती आणि दुसरी रोजच्या जगण्यातली कल्पकता. २००९ मध्ये जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेगेटो यांनी त्यात आणखी दोन पायऱ्या घातल्या. एक, आपल्या व्यवसायात तयार झालेल्या माणसाच्या निर्मितीची. दुसरी सगळ्यांत खालची, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते: माणसाला स्वतःपुरतं काहीतरी नवं उमगणं, मग ते दुसऱ्या कुणाला दिसो वा न दिसो. तुमची सावली त्या पायरीवर आहे. पट्ट्या तिच्याही वरच्या पायरीवर आहेत, कारण त्या आता इतरांच्याही उपयोगी पडतायत. कोणती पावती हरवलीय हे रंगावरून एका नजरेत कळावं, असं ज्या डोक्याला सुचलं, तेच डोकं घरी कागदासमोर बसतं. मग तिथे ते का अडतं? पावत्यांसमोर बसताना तुम्ही 'माझ्यात कल्पकता आहे का?' असं स्वतःला विचारलं नव्हतं. समोर एक अडचण होती आणि तुम्ही तिच्यात गुंतून गेला होता.

हा फरक वरवरचा नाही. टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिहिण्यात रमणाऱ्या ७२ जणांना त्यांनी छोट्या कविता लिहायला सांगितल्या. मधल्या वेळात एका गटाला लिहिण्याची बाहेरची कारणं दिली आणि ती महत्त्वाप्रमाणे लावायला सांगितली: शिक्षकांवर छाप पडेल, पैसा मिळेल, नोकरीत उपयोग होईल. दुसऱ्या गटाला आतली कारणं दिली: शब्दांशी खेळायला आवडतं, मनातलं मांडता येतं. बस, एवढंच. त्यानंतर लिहिलेल्या कविता, कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसलेल्या कवींनी जोखल्या, तेव्हा बाहेरच्या कारणांवर काही मिनिटं विचार केलेल्यांच्या कविता फिक्या ठरल्या. बक्षीस कुणाला दिलंच नव्हतं. त्या कारणांचा नुसता विचार पुरला.

आता हे डोळ्यांसमोर ठेवून तुमचं मागचं वर्ष पाहा. रंगपेटी महागाची, म्हणजे ती सार्थकी लागली पाहिजे. क्लासमध्ये शिकवणारे मागून डोकावणार. फोनवर हजार सुंदर चित्रं शेजारी मांडलेली. आणि घरी मुलीचा प्रश्न, तोही प्रेमाने विचारलेला. तुमच्या कागदाभोवती सतत कुणीतरी उभं होतं. इतक्या नजरांखाली माझ्याच्यानेही रेघ ओढवली नसती.

म्हणून माझी पहिली विनंती: पुढचे सहा आठवडे काढलेलं काहीही कुणाला दाखवायचं नाही. मुलीलाही नाही. तिला सांगा, "रोज काढतेय, पण सध्या ते माझ्यापुरतं आहे." मुलांना हे समजतं. त्यांनाही अशी कुणाला न दाखवण्याची वही हवी असते.

फोनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातली ती ओळ खूप जणांची आहे. लोकांची चित्रं बघू नका असं मी सांगणार नाही. बघण्यातूनच तर चित्रकार घडतो. मला काळजी आहे ती फोन कुठे शिरतो याची. लिफ्टची वाट पाहताना, रांगेत, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत, झोप येईपर्यंत. दिवसातल्या या सगळ्या फटी एरवी रिकाम्या असायच्या, आणि सुचायचं ते तिथेच.

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सुचण्याचे चार टप्पे मांडले. तयारी, मुरणं, उमगणं आणि पडताळणं, असं मी त्यांना आपल्या शब्दांत म्हणते. यातलं मुरणं बाहेरून पाहिलं तर नुसता रिकामा वेळ वाटतो. काहीच होत नाहीये असं वाटून आपण तो भरून टाकतो. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी स्वतःचा अनुभव लिहून ठेवलाय. एका प्रकारच्या फलनांवर (गणितातल्या 'फंक्शन्स'वर) त्यांनी आधी पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून डोकं शिणवलं होतं. पुढे ते एका सहलीला गेले, प्रवासाच्या गडबडीत गणित मागे पडलं, आणि कुटांस नावाच्या गावी बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी त्या फलनांचं भूमितीशी असलेलं नातं त्यांना लख्ख दिसलं. पडताळणी त्यांनी परतल्यावर सवडीने केली. ही गोष्ट सांगताना लोक बसची पायरी लक्षात ठेवतात आणि आधीचे पंधरा दिवस विसरतात. मला दोन्ही हवेत. टेबलाशी बसल्याशिवाय मुरायला काही नसतं, आणि रिकामी फट ठेवल्याशिवाय मुरलेलं वर यायला जागा नसते.

चालण्याचाही उपयोग होतो, हे तपासून पाहिलेलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बसून राहण्यापेक्षा चालताना माणसांची नव्या कल्पना काढण्याची क्षमता सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेली दिसली. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. ज्या कोड्यांना एकच अचूक उत्तर असतं, त्यांत मात्र चालण्याने तसा फरक पडला नाही. तेव्हा तुमचा ताळेबंद बसूनच करा, पण संध्याकाळी घरी परततानाचं चालणं फोनशिवाय होऊ द्या. एवढी एकच फट मोकळी ठेवा. सगळ्या एकदम रिकाम्या करायला गेलात तर चार दिवसांत कंटाळाल, आणि कंटाळलात की पुन्हा स्वतःलाच दोष द्याल.

मोकळ्या जागेत काहीतरी येईल. ते आलं की टिपून ठेवा, लगेच. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता त्यांच्या ओठांवर ओव्या येत. घरच्यांनी त्या ऐकून लिहून ठेवल्या, म्हणून बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ मध्ये, त्या ओव्या पुस्तकरूपाने आपल्या हाती आल्या. कुणी जवळ नसताना म्हटलेल्या किती ओव्या तशाच विरून गेल्या असतील, या विचाराने मला दर वेळी हुरहुर लागते. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांनी जवळजवळ १८०० कविता मागे ठेवल्या. त्यांतल्या अगदी थोड्याच त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या, आणि उत्तरायुष्यातल्या काही तर फाडून उलगडलेल्या पाकिटांच्या आतल्या बाजूवर लिहिलेल्या आहेत. हाताशी आला तो कागद.

माझ्याकडे कापडी बांधणीची एक सुरेख वही होती, एका मैत्रिणीने दिलेली. सात वर्षं ती कोरी राहिली, कारण तिच्यात लिहिण्याइतकं चांगलं मला काही सुचतच नव्हतं. मग एकदा प्रवासात जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून तिकिटाच्या मागे दोन ओळी खरडल्या आणि मला कळलं, की अडसर त्या वहीचाच होता. तिच्या देखणेपणाला मी घाबरत होते. तेव्हापासून मी पाठकोऱ्या कागदांवरच लिहिते. तुमच्या ऑफिसात असे कागद ढिगाने निघत असतील. तुमची रंगपेटी आहे तिथे कपाटात राहू दे. तिचा राग करू नका, तिची वेळ यायची आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

चार वाजता, सावली आली की, एक पाठकोरा कागद आणि साधी पेन्सिल घ्या. खोडरबर खणात. कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहा. आणि दहा मिनिटं, हो, घड्याळ लावून फक्त दहा मिनिटं, ती सावली जिथे पडलीय तिथे काढा. चित्र पूर्ण होणार नाही. व्हायला नकोच. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे तुमच्या दहा मिनिटांत ऊन अडीच अंश कललेलं असेल. खिडकी टेबलापासून दोन हात लांब असली, तरी तुम्ही पहिली रेघ काढून शेवटच्या रेघेकडे येईपर्यंत पहिली जागेवर नसेल, दोन-तीन बोटं पुढे गेलेली असेल. तुमचा विषय कागदावरून पळतोय. त्यामुळे सुबक काढण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त पाठलाग करायचा.

कडांकडे बघा. आकाशात सूर्याची तबकडी साधारण अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून सावली पाडणारी वस्तू सावलीपासून जितकी दूर, तितकी सावलीची कड मऊ होत जाते. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला गजाची रेघ करकरीत असेल आणि तीच रेघ तुमच्या कोपराकडे येता येता विरघळलेली असेल. फायलीची घडी आडवी आली की ती मोडेल. कागदांचा ढीग आला की वर चढेल. हे सगळं तुम्ही बहुधा पाहिलेलं आहे, फक्त 'असो' म्हणण्याआधी त्याला नाव दिलेलं नाही.

रोज तीच सावली काढून कंटाळा येणार नाही का, असं तुम्हाला वाटेल. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९० च्या उन्हाळ्याअखेरीपासून १८९१ पर्यंत शेतातल्या गंजींची जवळजवळ २५ चित्रं काढली. उजेड बदलला की हातातला कॅनव्हास ठेवायचा आणि त्या उजेडाचा दुसरा उचलायचा, अशी त्यांची पद्धत होती. नवा विषय शोधत फिरण्यापेक्षा जुन्या विषयाजवळ थांबण्यातून जास्त मिळतं, हे माझं अनुभवाने झालेलं ठाम मत आहे. 'काही सुचत नाही' असं म्हणणारी बहुतेक माणसं विषय शोधताना दमलेली असतात. तुम्हाला विषय शोधायचा नाहीये. तो ठरलेल्या वेळेला टेबलावर येतो.

ढगाळ दिवशी येणार नाही. त्या दिवशी तारीख लिहा आणि सावली नसलेलं टेबल काढा. सुट्टीच्या दिवशी सुट्टी. एखाद्या दिवशी चार वाजता साहेबांनी बोलावलं आणि वेळ गेली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काढायचं नाही. हा हिशेब मागची बाकी पुढे न ओढण्याचा आहे. हिशेबातल्या माणसाला ते जड जाईल हे मला ठाऊक आहे, तरी आग्रहाने सांगते.

कुणी तुम्हाला पहाटे उठण्याचा सल्ला देईल. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपालखात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसत, घड्याळ समोर ठेवून, पाव तासाला २५० शब्द. उदाहरण खरं आहे. पण त्यांना वेळेवर उठवायला आणि कॉफी आणून द्यायला घरात नोकर होता, ही बाजू सांगायची राहून जाते. तुमच्या घरातली पहाट बहुधा आधीच तुमच्या वाट्याला आलेली असेल. तुमच्या झोपेतून वेळ काढा असं मी कधीच सांगणार नाही. ऑफिसातली ही दहा मिनिटं पुरेत. तेवढ्या वेळात इतर लोक चहाला जाऊन येतात.

आणखी एक. पहिल्या आठवड्यातले कागद तुम्हाला आवडणार नाहीत आणि ते फाडावेसे वाटतील. फाडू नका. उलटे करून खणात ठेवा, शक्यतो पाहूही नका. साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एखाद्या दिवशी असं होईल, की दहा मिनिटं संपल्याचं घड्याळ वाजेल आणि तुम्हाला ते वाजलेलं आवडणार नाही. तो दिवस तारखेला खूण करून ठेवा. त्या दिवशी अकरावं मिनिट घ्या.

सहा आठवड्यांनी मला पत्र लिहा. चित्रं पाठवू नका, ती तुमची आहेत. मात्र ऋतू पुढे जातो तशी चार वाजताची सावलीही आपली जागा बदलत जाते. पहिल्या दिवशी तिचं टोक टेबलावर कुठे होतं आणि आता कुठे पोहोचलंय, तेवढं कळवा.

तुमची,
ताई